गोगलगायी परत सोडल्या

देवळीच्या स्टँडवर वर्षाली वर्ध्याच्या बसची वाट पाहत होती. मागच्या बाकावर मायलेकी बोलत होत्या. लेक रत्नागिरीला समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करून नुकतीच परतलेली.

"दोन वर्सं त्या खडकावर तू करत काय होती, रक्षा?"

"शिंपले खाणाऱ्या गोगलगायी वेचून दूर फेकत होती, माय. त्या नसल्या तं काय होते, ते पाहाले."

"शिंपल्याइचं भलं झालं असंन!"

"त्याइचंच झालं. साऱ्या खडकावर पसरले. बाकीचे बारा-पंधरा प्रकारचे जीव होते, त्याइले टेकाले जागा नाई राह्यली."

"आपल्या घरासारखं."

"माय, राहू दे ना."

"खरंच तं. तुह्या थोरल्या मोठेबाबाशी धाकटे पुनाजी भाऊजीच भांडत. रोजची कटकट नोको म्हनून मीनंच त्याइले घराबाहेर काढाले लावलं. आता विहीर मोठेबाबाची, ढोराइचा कोठा त्याइचा, आंगनबी त्याइचं. आपल्याले एक खोली."

"म्हनून तं पुनाजी काकाले परत आनाले वर्ध्याजवळ नालवाडीले चाललो."

"तू गोगलगायी परत नाई सोडल्या काय?"

"सोडल्या."

"मंग?"

"शिंपले लय मोठे झालते, माय. त्याइच्यानं फुटले नाई."

बस लागली. वर्षाली चढून खिडकीशी बसली. मायलेकी दारापर्यंत आल्या, पण आईचा पाय पायरीवरच थांबला.

"चढा ना, बाई!" कंडक्टर ओरडला.

"सांग, रक्षा. चढू काय?"

कंडक्टरने दोघींना खालीच ठेवून दार ओढून घेतलं.