फरशीवरचा फोटो

— काल आली होती? कोण? उंच, खांद्याला निळी बॅग, बोलताना सारखी हसते ती? हो हो, आमच्याच हॉस्पिटलची नर्स. नव्या भरतीतली. चांगली आहे पोरगी, हात हलका आहे तिचा. पण काका, आधी पायांकडे बघा— वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. घाई कसली? खिडकीपर्यंतच जायचंय आपल्याला, गाडी थोडीच सुटतेय. हां, असं. — काय म्हणाली ती? तुमचं घर तिला नेमून दिलंय? हो, दिलंय ना, दिलंच असणार. नवीन पद्धत आहे आता, हॉस्पिटलमधून घरी सोडलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे नर्सनं जायचं, जखम बघायची, चालवून घ्यायचं, औषधं नीट घेतायत का विचारायचं. पूर्वी काय, टाके काढले की रामराम, पुढचं तुम्ही आणि तुमचं नशीब. — मग मी कशाला येते? अगं बाई! म्हणजे माझं येणं जड व्हायला लागलं की काय तुम्हाला?

तसं नाही ना? मग झालं. अहो, आज माझी सुट्टी. घरी बसून करू काय? नवरा म्हणतो, सुट्टीच्या दिवशी तरी ते पांढरे बूट पायात घालू नकोस, मला उगाच आजारी असल्यासारखं वाटतं. मुलगी तिच्या खोलीत, दार बंद. म्हटलं, काकांकडे जाऊन यावं. काकू चहा पण किती छान करतात— काकू, साखर कमी हं! — ऐकू नाही गेलं वाटतं. नळ सोडलाय त्यांनी. जाऊ दे. थांबा, इथं जरा दम खा. भिंतीला टेका. हा रंग तुम्हीच दिलेला ना? अजून कसा आहे बघा, एक पोपडा नाही. पाच-पाच मजल्यांच्या परांचीवर उभं राहून जन्मभर इमारती रंगवल्यात, काकू सांगत होत्या, कधी म्हणून पाय घसरला नाही. आणि पडलात कुठून, तर हॉस्पिटलच्या खाटेवरून. गुडघ्याएवढी उंची! — हसताय? हसा. मला नाही हसू येत त्याचं.

चला, अजून थोडं. आज मी एका कामानं पण आलेय, खरं सांगायचं तर. मघापासून कसं काढावं तेच बघत होते. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे, मोठा. नव्या नर्सेसच्या दुसऱ्या तुकडीला नेमणुका देणार आहेत, आरोग्यमंत्री येणार, आमची संघटना, सगळे. आणि सगळ्यांचं म्हणणं पडलं की तुम्ही स्टेजवर बसावं. तुम्ही म्हणजे— तुमच्यामुळेच झालं ना हे सगळं. आणि एक पोस्टर करतायत, त्यावर तो फोटो घ्यायचाय. पेपरात तुमचा चेहरा झाकला होता ना, तसा नाही, सरळ. माणूस दिसला पाहिजे म्हणतात. त्यासाठी तुमचा होकार हवा. मला म्हणाले, तुझं जाणं-येणं आहे त्यांच्याकडे, तूच विचार. — नाही, नाही, आत्ताच सांगा असं नाही. बसा आधी. हळू. हात खुर्चीच्या दांडीवर, मग टेका. हां.

तुम्हाला माहितीय ना आधी कसं होतं? तुम्ही तर होताच तिथे. न्युमोनिया तुमचा, ताप उतरलेला, पण अंगात काही त्राण नाही. दुपारची वेळ. तीसेक खाटा आणि मी एकटी. दुसरी होती तिला ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावून घेतलेलं— हे रोजचंच. खाटेजवळच्या घंट्या कधीच्या बंद. मग माणसं हाका मारायची. इकडून सिस्टर, तिकडून सिस्टर, आणि मी म्हणायची, 'आले हं!' आमच्या वॉर्डात सगळ्यात जास्त बोललं जाणारं खोटं कुठलं असेल, तर ते हे. 'आले हं' म्हणायचं आणि जायचं नाही. जाणार कुठून? दोन हात, दोन पाय. एकाची सलाईन संपून नळीत रक्त चढतंय, एकाला उलटी, एक नुसताच घाबरलाय आणि त्याला कुणीतरी जवळ उभं राहायला हवंय— तो तर आमच्या हिशेबातच नसायचा. पाठीला झालेल्या जखमा बघितल्यात मी, काका, कूस बदलायला कुणी नव्हतं म्हणून झालेल्या. नर्स नव्हती म्हणून झालेल्या. आणि वर सांगत राहायचं, माणसं द्या, माणसं द्या. मेट्रनना सांगितलं, त्यांनी वर सांगितलं, मोर्चा काढला, काळ्या फिती लावल्या. साहेबलोक चांगलं बोलायचे हो, चहा पाजायचे. म्हणायचे, सिस्टर, तुमच्या सेवाभावाला तोड नाही. सेवाभाव! तो काय सलाईन बदलतो?

तर त्या दिवशी तुम्ही हाक मारलीत. बाथरूमला जायचं होतं तुम्हाला. मी म्हटलं, आले हं काका. कोपऱ्यातल्या पेशंटला रक्त चढत होतं आणि त्याला एकदम हुडहुडी भरली, अंगावर चट्टे उठायला लागले. तशा वेळी हलता येत नाही तिथून, रक्त बंद करायचं, डॉक्टरांना बोलवायचं, नाडी धरून बसायचं— जीव जाऊ शकतो. तुम्ही परत हाक मारलीत. मी परत म्हटलं, आले हं. मग तुम्ही हाक मारली नाहीत. मला बरंच वाटलं तेव्हा, म्हटलं थांबले वाटतं. तुम्ही सभ्य माणूस, तुम्हाला वाटलं असेल पोरीला किती त्रास द्यायचा. आणि उठलात. त्याबद्दल मला— नाही, त्याबद्दल मी रात्रभर तळमळत नाही. तिथे माझं चुकलं नाही. तो कोपऱ्यातला वाचला. डॉक्टर आले, तो सावरला, ते त्याच्यापाशीच वाकलेले, आणि मी तुमच्याकडे वळले.

पुढचं तुम्ही पेपरात बघितलंच आहे.

— काय? हो, हात. तो हातच गाजला ना त्या फोटोत. फरशीवर पडलेला म्हातारा माणूस, सलाईनचा स्टँड आडवा, आणि वर आलेला हात. खाली काय छापलं होतं त्यांनी— 'मदतीसाठी पसरलेला हात'. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. सभागृहात फडकवला कुणीतरी तो पेपर. मग समिती बसली, मग समितीचा अहवाल, मग एकदाचा हुकूम निघाला— एका नर्सकडे आठच पेशंट, जास्त नाही. इतकी वर्षं घसा कोरडा करून जे झालं नाही, ते एका फोटोनं केलं. आता आमच्या वॉर्डात येऊन बघा तुम्ही. हाक मारली की कुणीतरी जातं. जातं म्हणजे खरंच जातं! परवा एकीनं नुसतं तोंड पुसता पुसता बघितलं की पेशंटचे ओठ निळसर दिसतायत, धावपळ केली, वाचली ती बाई. आधी कुणाला सवड होती कुणाच्या ओठांकडे बघायला? मी स्वतः परवा ड्युटीवर बसून पाणी प्यायले, काका. बसून!

— नाही, ऐकलं मी. तुम्ही विचारलंत ते ऐकलं. आठवत नाही तुम्हाला? काहीच? पडल्याचं आठवतं, फरशी गार लागल्याचं आठवतं, पुढचं स्ट्रेचरवरचं. बरोबर आहे, दुखणंच तसलं, भान राहत नाही माणसाला. आणि हात कुणापुढे केला होता ते— आता ते काय, मदतीसाठी माणूस हात करतोच की. कुणापुढेही. हवेत. — समोर कोण होतं म्हणजे? फोटो काढणारं कुणीतरी होतं, उघडच आहे. चौकशीत मला पण विचारलं होतं, कुणी काढला. मी म्हटलं, भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी असेल. त्यांनी लिहून घेतलं. त्यांना कुठं हवं होतं नाव, त्यांना प्रकरण मिटवायचं होतं.

भेटायची वेळ नव्हती ती? — हो. नव्हती.

काकूंनी नळ बंद केला का? नाही ना अजून? — काका, तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. मी सांगते. सांगायलाच येते मी दर खेपेला, आणि चालवून घेते, नाडी बघते, चहा पिते आणि जाते. मी वळले आणि तुम्ही खाली होतात. तुम्ही मला बघितलंत. ओळखलंत, कारण 'सिस्टर' म्हणालात, हाक मारायला म्हणून नाही, सुटल्यासारखं— आली एकदाची, असं. आणि हात केलात. माझ्यापुढे. आणि माझ्या हातात मोबाइल होता, मघाशी डॉक्टरांना फोन लावलेला, तो तसाच हातात. तो मी खिशात ठेवायला हवा होता. एवढंच करायचं होतं. खिशात ठेवायचा आणि वाकायचं. तुम्हाला एकटीनं उचलायचं नसतंच, ते नियमाला धरून आहे, हाड मोडलेलं असलं तर उलट इजा होते, चार माणसं लागतात— पण त्या माणसांना हाक मी कधी मारली? फोटो झाल्यावर. आणि हात धरायला चार माणसं लागत नाहीत.

— एकच? नाही. तीन काढले. पहिला हलला होता. मी बघितलं, हललाय, म्हणून परत काढला. मग जरा मागे सरकले, स्टँड पण यावा म्हणून. मागे सरकले, काका. तुम्ही हात केलेला आणि मी मागे सरकले. पेपरात आला तो तिसरा.

खुबा पडताक्षणीच मोडला होता, बरं का. त्यानं काही फरक पडला नाही. मी विचारलंय डॉक्टरांना. दोघांना विचारलं, वेगवेगळं, दुसऱ्याच कुणाचं म्हणून. दोघंही म्हणाले, काही फरक पडत नाही. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, बाई गं, तू हजारो माणसांचं भलं केलंस, कुढतेस कसली. संघटनेच्या अध्यक्षबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, धीट आहेस, मला सुचलं नसतं. सगळे असंच म्हणतात. आणि खरंच आहे ते, खोटं नाही. आज परत तशी वेळ आली तर— काय करीन ते मला सांगता येत नाही. सांगता येत नाही, हेच तर— आणि अजून एक आहे. ते कुणालाच नाही सांगितलं. सगळ्यांना वाटतं मला राग आला होता. संतापून काढला, व्यवस्थेची चीड, वगैरे. मी पण तसंच म्हणते. तसं नव्हतं. मला आनंद झाला होता. तुम्हाला तसं बघून मला आधी आनंद झाला— सापडलं, असं वाटलं. आता कसे नाही म्हणतात बघू! हे मनात आलं, आणि तुमचं तोंड वेदनेनं वाकडं झालेलं मला दिसत होतं, सगळं दिसत होतं, नर्स आहे मी, मला दिसतं. आनंद. किती वेळ? असेल थोडाच. पण होता.

काका, शिव्या द्या. काकूंना बोलावू का? — नको? बरं. — पाणी? — पाणी पण नको.

उन्हं आली तुमच्या अंगावर, पडदा ओढू? — बरं, राहू दे.

काय म्हणालात? — छापा? फोटो छापा? चेहऱ्यासकट? काका, तसं नाही हो, मी त्याच्यासाठी नाही सांगितलं, तुम्ही नाही म्हटलंत तरी मी त्यांना समजावीन— हो. हो, ऐकतेय. काकूंची बहीण गेल्या महिन्यात आमच्याच वॉर्डात होती? मला माहितीच नाही. चांगलं बघितलं तिला? हाक मारली की यायचे. — हो. म्हणून छापा. कळलं. आणि कार्यक्रमाला? — येणार. स्टेजवर बसणार. बरं. गाडी पाठवतील ते. — मी शेजारी नको. नाही, नाही बसणार मी, मी मागे कुठंतरी— तिथं पण नको. बरं. नाही येणार.

आणि इथं? दर सुट्टीला मी— नाही, मी फक्त चालवून घ्यायला. अजून जिना राहिलाय, जिना शिकवायला हवा तुम्हाला, त्या पोरीला अजून तेवढं— तिला जमेल. हो, जमेल तिला. शिकलेली आहे ती.

काकू, अहो कशाला आणलात! नाही, बसत नाही आता. काही नाही, काका दमलेत जरा. नाही हो, रागावले वगैरे नाहीत. ठेवा तो कप, काकाच घेतील. बिनसाखरेचा नाही ना? मग चालेल त्यांना. — माझी बॅग? ही काय, खांद्यालाच आहे.

बरं काका, येते.

— काय?

हो. जाते.