मागच्या दाराची कडी

हॅलो? … मार्ज? बरं झालं, तूच फोन केलास. … नाही, हळूच बोलणार. ऐक. मागच्या दाराशी कुणीतरी आहे.

… अगं, मांजर कशाला मूठ फिरवेल? … दाराची मूठ, हो. दोनदा फिरली. … कडी लावलीय म्हणून निभावलं. … माहितीये गं, आई होती तोवर कधी लागली नाही. पण आई गेली ना. परवाच पुरलं आपण तिला. काल तू अल्बर्टाला परतलीस, मी एकटी आहे इथे, आणि तिकडे शहरात, सेंट जॉन्सला, मी रोज दोन दोन कुलपं लावते.

… विचारलं की. "कोण आहे" म्हणून ओरडले. ओ नाही का ठो नाही.

… दिसणार काय? धुकं असं, की आईची कपड्यांची दोरीसुद्धा दिसत नाही. बोटींना वाट कळावी म्हणून सकाळपासून दीपगृहाचा भोंगा चालूय. … हसू नकोस. बावन्न वर्षांची घोडी झालेय, ठाऊक आहे मला. तरी तो वाजला की घाबरतेच मी. … नाही, मी नाही राहत. घर आवरायचं राहू दे. उद्या फेरीबोट सुटली की निघते.

… तुला आठवतंय? मला वाटायचं, शेजारच्या खाटेवर तू झोपलेली असायचीस. … हो, भोंगा सुरू झाला की आई यायची. नुसती पाठीवर हात ठेवून बसायची. "घाबरू नकोस" असं एकदाही म्हणाली नाही. म्हणायची, "कुणाला तरी घरची वाट सांगतोय तो, सांगू दे." … आणि सकाळी पुन्हा मासे खारवायला हजर. हो ना. कधी चिडली नाही बाई.

… थांब. थांब थांब.

… खिडकीवर हात आहे, मार्ज. मोठा पंजा. … पोलीस या बेटावर कुठून येतील? धुक्यानं फेरीबोट बंद आहे. … चुलीची सळई घेतलीय हातात. मला फार भीती वाटतेय गं.

… काय? … नाही, टकटक नाही केली. तेच तर म्हणतेय. … म्हणजे? … अगं हो की. इथे टकटक करतो तो पाद्री, नाहीतर परका. गावचा माणूस सरळ आत येतो. … विसरलेच मी. इतकी वर्षं शहरात काढली…

… पण मग ओ का देत नाही? … कोण? … चेस्ली काका. अरे देवा, बोटीच्या इंजिनानं कान गेलेत त्यांचे. … तेच ना, शवपेटीला पुढून खांदा दिला ते? … बघते. फोन ठेवू नकोस हं.

… तेच आहेत. आणि मी सळई घेऊन… या काका, या. कडी लागली होती, चुकलं माझं. बसा ना. … मार्ज, आहेस? आईच्या खुर्चीत नाही बसले. बूट काढून बाकावर बसलेत. … चहा टाकते. पाव आहे, काकवी आहे. … काही बोलत नाहीत गं. नुसते बसलेत. … विचारू? आईनं कधी कुणाला विचारलं नाही. … बरं. काका, काय काम काढलंत? काम, काम!

… …

… आहे गं, इथेच आहे. … सांगते, जरा थांब. … आईनं सांगून ठेवलं होतं त्यांना. अंथरुणाला खिळली होती तेव्हा. "ग्लेंडा घर आवरायला राहील. धुकं पडलं की घाबरते ती, पण सांगायची नाही. तू जाऊन बस. बोलू नकोस काही, नुसता बस."

… हो. एवढ्या दुखण्यात तिला माझी भीती आठवली.

… नको रडू. तू रडलीस की मी पण… … भोंगा? चालूय की. फोनमधून अल्बर्टापर्यंत ऐकू येतोय? … हं. सांगू दे त्याला वाट.

… नाही, उद्या नाही निघत. … कडी? … नाही, आता नाही लावायची. किटली उकळली बघ. ठेवते.