चौदाव्या मजल्यावरचं वाळवण

पाडव्याला पाथर्डी फाट्यावर एका चौदा मजली इमारतीच्या बुकिंगची रांग लागली होती. इमारतीच्या जागी अजून गवत होतं. माझ्यापुढे दोन बायका होत्या. एक सिडकोतली, तिच्यापुढे नांदगावची.

“ताई, तुम्ही कितवा मजला घेताय?” सिडकोतलीने विचारलं.

“चौदावा. गच्चीला लागून. कुरडयांसाठी. आन् तुमी?”

“अगंबाई, मीही त्यासाठीच! अकरा वर्षं भाड्याने राहतोय. गेल्या उन्हाळ्यात माझा चीक शिजला आणि घरमालकिणीने गच्चीला कुलूप लावलं.”

“शिजल्यावर? लय वंगाळ बाई!”

“म्हणून रामनवमीपासून आठ दिवस गच्ची माझी.”

“आन् मी काय अवकाळीची वाट बघू? रांगेत पुढं मी हाय. पयला नंबर माझा.”

“बरं, दोघी मिळून घालू. सोऱ्या माझा पितळी आहे.”

“मंग चीक मी हाटते. तुमच्या हातात तेवढा जोर दिसत नाय.”

“मॅडम, टेरेसवर स्विमिंग पूल आहे,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

सिडकोच्या बाईंनी चेकबुक पर्समध्ये परत ठेवलं.

“सगळ्या गच्चीवर पाणीच?” त्यांनी विचारलं.

“नाही मॅडम, कडेने आडवं पडायच्या लांब खुर्च्या आहेत. चोवीस. ऊन घ्यायला.”

“कडक ऊन पडतं का तिथं?”

“दिवसभर.”

“ऐकलं का ताई? बाजासुद्धा न्यायला नको!”

“आता चेकबुक काढा की भायेर. पोरी, लिही. दोन फ्लॅट, चौदावा मजला. बारा खुर्च्या माझ्या, बारा यांच्या.”