वहिनींनी पोसलेली पिल्लं

आमचं गाव लातूरच्या पलीकडं, माळावर. घरात मेंढरं होती आणि मेंढरांमागं कारवानी कुत्री, लांबट तोंडाची, पोट पाठीला लागलेली, सशामागं सुटली की बघता बघता दिसेनाशी होणारी. मी चौथीत असताना कुत्री व्याली आणि तेव्हाच वडलांना मेंढरं घेऊन लांब जावं लागलं, मग पिल्लांना ताकात भाकरी कुस्करून कोण घालणार, तर मी. शाळा तेवढ्यापुरती सुटली म्हणायची, पण ती सुटलीच. पुढं मास्तर एकदा रस्त्यात भेटले, म्हणाले, काय रे, कुत्री शिकली का? तेवढंच.

भिवंडीला आलतो ते गावच्या एकाच्या मागं, ऐंशी सालाच्या पुढचं असंल. कामतघरला एका खोलीत दोन शिफ्टची माणसं, एक उठला की त्याच्या ऊबदार अंथरुणावर दुसरा. काम लूमवर, कापड विणायचं. पण काय सांगू तुम्हाला, मला पहिल्यापासून धाकधूक फार, या लूमवरचा धागा आता तुटंल, आता तुटंल म्हणून बघत बसायचो आणि तोवर पलीकडच्या लूमवरचा तुटलेला असायचा. मुकादम वाईट नव्हता, पण शेवटी तोही म्हणाला, तू रहने दे भाई, तेरे बस का नहीं.

त्याच दिवसांत काळुराम दादांचा निरोप आला. दादा काल्हेरचे, खाडीकाठी भातशेती, माणूस दिलदार, पण शिकारीचा नाद. मित्र घेऊन अंबाडीच्या पुढं रानात डुकरामागं जायचे. बंदी तेव्हाही होती म्हणतात, पण मला कोण सांगणार आणि मी कुणाला विचारणार. तर दादांनी आमच्या भागातनं एक कारवानी कुत्री आणवली होती, गाभण, आणि तिकडचा कुणी माणूस आहे का म्हणून विचारत विचारत माझ्यापर्यंत आले. मी गेलो, कुत्री बघितली, तर नुसत्या पोटानं नाही, सगळ्या अंगानं मडक्यासारखी झालेली. हिला घालता काय, असं विचारलं तर दादा हसले आणि चुलीकडं बोट दाखवलं.

चुलीपाशी वहिनी, दादांची बायको. आता कारवानी म्हणजे तिच्या बरगड्या दिसल्याच पाहिजेत, त्याशिवाय ती पळायची नाही, आमच्याकडं लहान पोराला पण ठाऊक असतं. पण वहिनींचं म्हणणं निराळं. दारात बांधलेल्या जनावराच्या बरगड्या दिसल्या तर लोका काय म्हनतीन, आमचे घरान खावाला न्हाय का? म्हणून कुत्रीला भात, वर बोंबलाचं कालवण, सणाला तूप. त्यांचं काही खोटं नव्हतं, त्या घरातनं कुणी उपाशी गेलेला मी बघितला नाही.

भाताच्या माळ्याखाली कुत्री व्याली, चार पिल्लं. दादा म्हणाले, सोपान, ही पुढच्या हंगामाला पळली तर तू हितंच ऱ्हायाचा, घरचा मानूस. न्हाय पळली तर तुझा लूम हायच. हसत म्हणाले, पण लूम कुठला, तो तर माझ्या हातनं गेलाच होता. मी हात जोडले आणि कामाला लागलो.

आमच्याकडं अशी रीत आहे बगा, पिल्लांचे डोळे उघडले की सगळी उचलून लांब उन्हात पोत्यावर ठेवायची आणि कुत्रीला सोडायचं. ती एकेक तोंडात धरून आत आणती. जे पहिलं उचलंल ते शिकारीचं. आमच्या कुत्रीनं तांबडा उचलला. तो जरा मोठा झाल्यावर मी त्याला खाडीच्या बांधाकडं माझ्या खोपटात नेला, मापात खायला, सकाळी सायकलमागं पळवायचं. बाकीची तीन आईजवळ ओटीवर, म्हणजे वहिनींच्या हाताखाली. मी तिथं नसलो की थाळी भरायची, आणि असलो तरी भरायची. एकदा धीर करून म्हटलं, वहिनी, जरा कमी घाला. तर म्हणाल्या, तू आलास तवा कसा व्हतास, तुला कमी घातला का रं? आणि ज्या पळीनं पिल्लांच्या थाळीत वाढलं त्याच पळीनं माझ्या ताटात वाढलं. मी ताट पुढं ओढलं.

पिल्लं भराभर वाढली, अंगानं जड, हाडं कोवळी, मग पुढचे पाय बाहेर वाकले. मला दिसत होतं, झोप लागायची नाही. भात कापून झाला आणि दादांनी मित्रांना बोलावून रिकाम्या शेतात चौघांना सोडलं, पुढं दोरीनं सशाचं कातडं ओढलं. तांबडा गेला तो गेलाच. तिघं बांधापर्यंत गेली आणि बसली. एक मित्र म्हणाला, दादा, यांना जीपमधी बसवून न्या, नायतर डुकरालाच हिकरं बोलवा. सगळे हसले. दादांचं तोंड उतरलं. माझ्याकडं वळून म्हणाले, काय घालीत व्हतास यांना? मनात गाठोडं बांधूनसुद्धा झालं होतं.

ओटीवरनं वहिनी म्हणाल्या, "त्याला कशाला बोलताव? मीच घातला. मना उपाशी जीव दारान बगवत न्हाय."

दादांनी मला विचारलं, "मंग तू का न्हाय बोललास?"

मी म्हटलं, "दादा, मी पण त्याच हातचं खातो."

मग दादा म्हणाले, जा, सगल्यांना चहा सांग. त्या दिवशी लूमचं नाव निघालं नाही.

तांबडा त्याच हंगामात रानात गेला. डुकराला त्यानंच आधी गाठलं, आणि डुकरानं त्याचं पोट फाडलं. दादांनी त्याला स्वतःच्या सदऱ्यात गुंडाळून आणला, आम्ही बांधावर पुरला. आमच्याकडं असं मरण आलं तर कुत्र्यानं नाव काढलं म्हणतात. मी पण तेच म्हणालो. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दादा पुन्हा शिकारीला गेले नाहीत. कंटाळले का घाबरले, कुणास ठाऊक. पुढं शेतात भराव पडला, गोडाऊनं उभी राहिली, ट्रक लागायला लागले. ती तीन वाकड्या पायांची कुत्री गोडाऊनच्या फाटकाशी बसायची आणि मी त्यांच्याबरोबर, राखण म्हणून. कारवानी फारसं भुंकत नाही, नुसतं बघतं, त्यामुळं ड्रायव्हर लोक जास्तच घाबरायचे. बसून बसून म्हातारी होऊन गेली तिघं. मी जीव लावून वाढवलेला एक गेला आणि वहिनींनी बिघडवलेली तीन जगली. याचा अर्थ काय लावायचा, ते मला जमत नाही.

आता दादा नाहीत. गोडाऊनला वर्दीतला गार्ड आलाय, रजिस्टर घेऊन बसतो. मला परत तीच धाकधूक, की आता आपलं काय काम. परवा न राहवून वहिनींकडं गेलो, त्यांना हल्ली डोळ्यानं कमी दिसतं, म्हटलं, वहिनी, मी गावाकडं जाऊ का आता? त्यांनी ते ऐकलं का नाही कळलं नाही, म्हणाल्या, जेवलास का? मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी सुनेला हाक मारली आणि माझ्यासाठी पाट मांडायला सांगितला. देव त्या घराला भरल्या हंड्याचं ठेवो.