बंद इंजिनानं उतरलेला घाट

(सातारा, १९७४ चा उन्हाळा. आप्पासो मिस्त्रींचं गॅरेज. कृष्णातची टॅक्सी जॅकवर, पुढचं चाक काढलेलं. त्याची आई बनाबाई लाकडी खोक्यावर बसलेली.)

बनाबाई : ह्यालाच इचारा आप्पासो, आज घाटात काय केलं ते. पाचगणीच्या शाळंतल्या दोन पोरी सुट्टीला घरी निघालेल्या, माझ्या शेजारी मागं बसलेल्या. उतार लागला आन् ह्यानं इंजिन बंद केलं. आवाजच गेला. नुसता वारा. मला वाटलं, गाडी बिघडली. तर म्हनतो, गप बस आय, पेट्रोल वाचतंय.

कृष्णात : समदे डायव्हर करत्यात. दर कुठं गेलाय बघा की. लिटरला नऊ-धा किलोमीटर जाती गाडी, चढाला सातच. उतार फुकट मिळतोय, तो कशापायी सोडू?

आप्पासो : फुकट? हे ब्रेकचं लायनर बघ, कोळसा झालाय. इंजिन गिअरात असलं की तेच गाडी धरून ठेवतं. तू ते बंद केलंस, सगळा भार ब्रेकवर आला. अजून एक फेरी मारली असतीस, तर पाय दाबूनही ब्रेक लागला नसता.

बनाबाई : वास आला हुता मला. धाकटी पोर म्हनली, आजी, काय जळतंय? मी म्हनलं, खाली कुनीतरी पाचट पेटवलंय. तिचा हात धरला हुता मी.

कृष्णात : मग मी काय करू? डिझेल इंजिन बसवू म्हनून वरीस झालं सांगतोय.

आप्पासो : सांगलीला एक आहे जुनं, मी चालू करून आवाज ऐकलाय त्याचा. डिझेलचा दर पेट्रोलच्या निम्मासुद्धा नाही, आणि लिटरला तेरा-चौदा जाईल. घरची, सणासुदीला काढायची गाडी असती तर म्हणालो असतो, पेट्रोलच बरं, इंजिनाचा खर्च कशाला. पण तुझं चाक रोज फिरतंय. दोन वर्षांत इंजिनाचे पैसे फिटतील.

कृष्णात : हेच आयला सांगितलं. ती म्हनली, डिझेल ट्रकाला. आमच्या दारात धडधड नगं, भावकी हसंल.

आप्पासो : होय का वैनी?

बनाबाई : व्हय. म्हनले हुते मी.

कृष्णात : बघा.

बनाबाई : आना ते सांगलीचं इंजिन. उसाचं बिल आलंय, त्यातलं देते.

कृष्णात : आज तेवढं लायनर बदला, आप्पासो. सांजच्याला परत पाचगणीचं भाडं हाय. आय, न्हाई बंद करनार आता. तुझी आन.

बनाबाई : माझी आन घेऊ नगंस. मी तुझ्या पाठीमागं बसले हुते. शर्ट घामानं पाठीला चिकटला हुता तुझा. तू भ्याला हुतास, कृष्णा. समदं कळत हुतं तुला, तरी इंजिन चालू केलं न्हाईस. अर्ध्या लिटरापायी. चावी आप्पासोंकडं दे. आपन यष्टीनं जाऊ.