उलट्या वेढ्याचे सरगुंडे

— नाई व पोरी, खुर्ची कोनाचीच नोय, बस तू, बस खुशाल. सारं भरेल हाय, रविवार हाय न आज, तं कुठं उभी राह्यशीन? पिशवी घेतो मी माह्या मांडीवर. हे घे, झाली जागा. मी काय, एकटीच हावो. शिरपूरची. दवाखान्याचं काम होतं वाशीमले — रविवारी? हाव, तेच तं, बंद निघाला दवाखाना. मंग म्हटलं, यष्टीले येळ हाय तं चहा घ्यावा. तं इथं चहाच नाई म्हनते तो पोट्टा! चहा नसलेलं हाटेल पाह्यलं का तू कधी? लिंबाचा हाय म्हने, बर्फाचा हाय म्हने, गुलाबी हाय म्हने, अन् आपला साधा अद्रकीचा, तो तेवढा नाई. कॅफे म्हनतात याले, हाटेल म्हटलं तं राग येते.

तुहं काय हे, पांढरं-पांढरं? मोमो? अन् सोबत ठेचा! वा रे वा. मोदकात पत्ताकोबी भरली अन् नाव देलं परदेशी. खाय, खाय, थंडं होईन. मी नाई पाहत तुह्या ताटात. मी त्या भितीकडं पाहून राह्यली. तुले वाचता येते इथून? मले मोठं-मोठं तेवढं दिसते — 'आईच्या हातचे शेजवान सरगुंडे'. असंच हाय न? सरगुंडे माहीत हायत का तुले? कनकीची बारीक दोरी वयायची, काडीवर गुंडाळायची, अलगद काढून घ्यायची अन् उनात वायवायची. लगनाच्या घरी बाया बसतात, गानी म्हनतात, टोपलंच्या टोपलं करतात. आंब्याच्या रसासंगं खायची गोष्ट हाय ते, शेजवानासंगं नोय! पन जाऊ दे, शेजवानाचं मले काई नाई. करा बाप्पा, काय करायचं ते. मले त्या पयल्या शब्दाचं हाय. आई. कोन आई? कोनाची आई?

सांगतो तुले. तो पाय, काउंटरमांगं, काया फडका बांधेल — ऋषिकेश नाव त्याचं, त्याचंच हाय हे सारं. पुन्याले शिकून आला. तं त्याची सासू, कस्तुराबाई, मानोऱ्याची, ते बसते आत रांधनखोलीत अन् करते सरगुंडे. गिऱ्हाईक आत जाऊन फोटो काढतात तिच्यासंगं. 'ऋषीची आई' म्हनतात तिले. अन् म्हनून घेते ते! एक डाव तरी म्हनावं का नाई, का बाप्पाहो, मी तं सासू हावो, त्याची माय शिरपूरले हाय? नाई म्हनत. कायले म्हनन? आयतं लेकरू, आयतं नाव. पोटात वागवलं कोनी अन् फोटोत उभं राह्यलं कोन!

मले कसं ठाऊक? अवं, गाव केवढं अन् गोठ केवढी. आमच्या गावचं पोट्टं हाय तो, ल्हानपनापासून पाह्यला. हा सरगुंडे कसे खाये, सांगू? त्याची माय डावरी. पोयी लाटनं डाव्या हातानं, झाडनं डाव्या हातानं, कापनीले इया धरनं डाव्या हातानं. तं तिच्या सरगुंड्याचा वेढा उलटा पडे — साऱ्या बायाइचा उजव्यांगाले, तिचा डाव्यांगाले. तिची सासू, लगनाच्या घरी, भर बायाइत तिचं टोपलं येगळं काढे. 'हे रुखवतात नका ठेवू व, डाव्या हातचे हायत.' टोपलं कोन्यात. अन् हे एवढंसं लेकरू कोन्यात जाऊन बसे, अन् तेच खाये! ताटात सारे मिसयले तरी बोटानं उलटे-उलटे येचून काढे, 'मले मायचेच पायजे' म्हने. तेवढं आयकलं का मंग सासू काय बोलली, बाया काय हासल्या, कायचंच काई वाटे नाई मले.

— 'मले' म्हटलं का मी?

म्हटलं असन. बरं, म्हटलं. आता अशी पाहू नको, खाय तू. माह्याच पोटचा हाय. दवाखाना-बिवाखाना काई नोय, याच्यासाठीच आली मी. पदर घेऊन इथं खांबाआड बसली, त्याले दिसली नाई अजून. दिसूही नको म्हनतो मी. पाह्यलं का, थोडा वायला तो, बारीक झाला.

हे आयक. मले तो माय म्हनते, जलमापासून माय. अन् सासूले आई म्हनते — त्याची बायको, योगिनी, ते म्हनते म्हून. तं भितीवर काय लिहेल हाय? आई. माय नाई. मंग मी काय समजावं? शिकेल मानूस उगाच शब्द बदलवते का?

नाई, इचारलं होतं त्यानं मले. हाव, इचारलं. हे सुरू व्हायच्या आंधी घरी आला, ओट्यावर बसला, म्हने, 'माय, चालशीन का वाशीमले? सरगुंडे तू करशीन.' मी म्हटलं, 'नाई बाप्पा, मी कायले हाटेलात?' झालं! 'बरं' म्हने अन् गेला! आता तूच सांग, असं असते का? पाव्हना एक डाव नको म्हनते, तं कोनी पोयीचं ताट उचलून नेते का? पयल्यांदा नकोच म्हना लागते, नाई तं लोक म्हनतात अधाशी हाय. दुसऱ्यांदा इचारा, तिसऱ्यांदा हात धरा, तवा कुठं मानूस उठते. मी तं नेसाचं पातय घडी करून ठेवलं होतं पेटीवर! पन पुन्याले शिकवत नसतीन ते. तिकडं एक डाव नाई म्हटलं का नाईच. अन् मंग समजलं, इहीन गेली त्याच्यासंगं, हेच कस्तुराबाई. तिनं पयल्या झटक्यात हो म्हटलं असन. अधाशी!

जयतो व जीव माहा, खोटं कायले सांगू? भाकर थापता थापता ध्यानात येते, का आता ते बाई माह्या लेकाच्या रांधनखोलीत काडी फिरवून राह्यली असन, तं भाकरच तुटते हातात.

हे आलं, माहे मांगवेल सरगुंडे. ठेव बाप्पा, ठेव. — अगं माय, लाल जर्द! वरून चीज, कांद्याची पात. सरगुंडा बिचारा दिसूनच नाई राह्यला. थांब, एक काढतो अन् गिलासात धुतो. हास, हास, मीही हासलीच असती. पाहू दे वेढा... पोरी, तुहे डोये तरने हायत. हा कोनीकडं जाते? डाव्यांगाले? नीट पाय. हा दुसरा पाय. हाही? सारेच?

माही खोड नेली व तिनं! उजव्या हाताची बाई हाय ते, लगनात पाह्यलं मी तिले पोया लाटताना. उजव्या हाताची बाई आपल्या मनानं उलटा वेढा कायले देईन? कोनीतरी जवय बसून शिकवलं असन. अन् कोन शिकवन — त्यानंच. 'असा नाई आई, उलटा, माह्या मायसारखा', असंच म्हटलं असन. नाई, मले खुशी-बिशी काई नाई झाली! कायले होईन? एकच गोठ होती माही एकटीची, माह्या सासूनं कोन्यात फेकेल, तेही गेली मानोऱ्याले. अन् हे पाय, सैल हाय वेढा, उकडला का सुटते. तेवढंही येत नाई नीट.

चूप. ते येऊन राह्यली. इकडंच. पाह्यलं तिनं मले. हातही नाई धुतले, कनीक हाय बोटाले.

रामराम, इहीनबाई! — नाई, नाई, आत कायले? मी तं अशीच, दवाखान्यात आली होती. यष्टी निघन माही. — पोरी, पाय आता, दुसऱ्यांदा म्हनते का. — नाई हो, खरंच नको, तुमचं काम चालू हाय, गिऱ्हाईक हाय... — म्हटलं व. दुसऱ्यांदा म्हटलं तिनं. — अन् हात कायले धरता, कस्तुराबाई, कनीक लागन पातयाले...

पोरी, तुहं झालं न? उचलतो मंग मी माही पिशवी. नाई, नाव-गाव काई नको इचारू, जाय तू आता. — चाला, कस्तुराबाई, तुमी म्होरं व्हा. काडी कोनत्या हातात धरता ते पाह्यतो मी.