शुक्रवारची बोट

शेटलंडच्या टोकाला आमची बेटं आहेत. शुक्रवारची बोट आदल्या दिवसापर्यंत कुणी फोनवर नाव दिलं, तरच येते. बायको गेल्यापासून मी धक्क्यावर तासभर आधीच येऊन बसतो. सोमवारी शेजारी म्हातारा मॅग्नस आणि त्याची ऑस्ला होती. तो हृदयाच्या ऑपरेशनला निघाला होता.

"डब्यात खारं मटण आहे. बोटीवरच खा, तिकडे उपाशी ठेवतील."

"बोटीवर खाल्लं तर माशांनाच मिळेल."

"चाळीस वर्षं मासेमारी केलीस आणि अजून बोट लागते. कुणाला सांगू नकोस."

"तू सांगितलंयस सगळ्यांना."

"शुक्रवारच्या बोटीला तुझं नाव दिलंय."

"या शुक्रवारच्या? अगं, डॉक्टर तीन आठवडे म्हणालाय."

"त्याला काय, त्याची बोट थोडीच चुकते."

"रिकामी बोट आणायला लावलीस म्हणून खलाशी शिव्या देतील."

"देऊ देत. मी केक देईन."

"आणि पुढच्या शुक्रवारी?"

"तेव्हाही नाव देईन. तू तिकडे धक्क्यावर बसलायस आणि नाव नाही म्हणून बोटच सुटली नाही, असं नको व्हायला."

"आणि मी आलोच नाही तर?"

"टोपी घाल. वारा आहे."

बोट धक्क्याला लागली. खलाशी डेव्हीने मॅग्नसची बॅग उचलली.

"ऑस्ला, शुक्रवारी मॅग्नसचं नाव दिसतंय. हा कसा येईल?"

"नाव आहे ना? मग तू ये. केक देईन."

डेव्हीने मॅग्नसकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"केक आल्याचा कर."